विजांच्या वादळात मत्स्यालयाचा पंप निकामी होणे

विजांच्या वादळात, किंवा वादळानंतर वीजपुरवठा पूर्ववत होताना, घरगुती मत्स्यालयातील पंप बंद पडणे ही वऱ्हाडात उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना उद्भवणारी समस्या आहे. मत्स्यालयाचा पंप पाणी हलते ठेवतो, त्यामुळे हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळत राहतो आणि गाळणीतील उपयुक्त जिवाणू जगतात. पंप थांबताच मासे लगेच मरत नाहीत. परंतु पाण्यातील ऑक्सिजनचा साठा घटत जातो आणि अमरावती-अकोल्याच्या उष्ण हवामानात हा साठा मुळातच कमी असतो. म्हणून अशा प्रसंगी पंपाच्या दुरुस्तीपेक्षा पाण्याची काळजी आधी घ्यावी लागते, आणि त्याही आधी माणसाची. पाणी आणि वीज एकत्र असल्याने घाईने टाकीत घातलेला हात प्राणघातक ठरू शकतो.

पार्श्वभूमी

अकोला व अमरावती ही वऱ्हाडातील दोन मोठी शहरे असून दोन्ही ठिकाणी घराच्या दिवाणखान्यात, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत आणि दुकानांत काचेच्या मत्स्यटाक्या आढळतात. गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल, गुरामी, फायटर हे मासे त्यांत प्रामुख्याने पाळले जातात.

या भागातील उन्हाळा अत्यंत कडक असतो. अकोल्याचे मे महिन्यातील कमाल तापमान अनेक वर्षी ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. मोसमी पाऊस विदर्भात साधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचतो. त्यापूर्वी एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग जमून सोसाट्याचा वारा, गारा व विजांसह अवकाळी पाऊस पडतो. या वादळांचा जोर मोठा असतो. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यातील पारस येथे वादळी पावसात कडुनिंबाचे जुने झाड मंदिर परिसरातील पत्र्याच्या शेडवर कोसळून ७ भाविकांचा मृत्यू झाला होता. अशा वाऱ्यात झाडे व फांद्या वीजवाहिन्यांवर पडतात, तारा एकमेकींना घासतात, खांब वाकतात आणि वीजपुरवठा काही मिनिटांपासून रात्रभरापर्यंत खंडित होतो. वऱ्हाडी बोलण्यात यालाच ‘लाइन गेली’ असे म्हणतात.

मत्स्यालयाच्या दृष्टीने ही वेळ सर्वांत प्रतिकूल असते. पाणी तापलेले असते, कूलर बंद पडल्याने खोली आणखी तापते, आणि वादळ बहुधा सायंकाळी येत असल्याने पुढची संपूर्ण रात्र अंधारात जाते. टाकीतील पाणवनस्पती अंधारात ऑक्सिजन तयार न करता उलट तो वापरतात.

पंपांचे प्रकार व कार्य

घरगुती मत्स्यालयात मुख्यतः तीन प्रकारचे पंप वापरले जातात.

वायुपंप (एअर पंप) : हा टाकीबाहेर ठेवलेला असतो. त्यातील वेटोळ्यातून (कॉइलमधून) ५० हर्ट्झ वारंवारतेचा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे दांडीच्या टोकाशी बसविलेले चुंबक वेगाने मागे-पुढे थरथरते. दांडीला जोडलेला रबरी पडदा हवा आत खेचतो व बाहेर ढकलतो आणि लहान झडपा हवेची दिशा कायम ठेवतात. ही हवा बारीक नळीतून एअर स्टोनपर्यंत जाऊन बुडबुड्यांच्या रूपाने वर येते. लहान वायुपंपाला केवळ २ ते ५ वॅट वीज लागते.

पाण्यात बुडणारा पंप (पॉवर हेड किंवा अंतर्गत फिल्टर) : यातील वेटोळे राळेत पूर्णपणे बंदिस्त केलेले असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात चुंबकीय दंड फिरतो व दंडाला जोडलेली पाती पाणी पुढे ढकलतात.

बाहेरची डबा-गाळणी (कॅनिस्टर फिल्टर) : टाकीखालील बंद डब्यात स्पंज व सच्छिद्र खडे असतात. पंप पाणी या डब्यातून फिरवतो.

अलीकडे १२ किंवा २४ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारे पंपही वापरात आहेत. त्यांच्यासोबत येणाऱ्या अडॅप्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक घटक असल्याने विद्युतदाबाच्या चढउताराचा पहिला आघात पंपावर न होता अडॅप्टरवर होतो.

बुडबुड्यांतून फारसा ऑक्सिजन थेट पाण्यात जात नाही. बुडबुड्यांचे मुख्य काम तळाचे पाणी वर आणणे व पृष्ठभाग ढवळणे हे असते. ऑक्सिजनची देवाणघेवाण प्रामुख्याने पाण्याच्या पृष्ठभागावर होते. त्यामुळे पसरट टाकीला पंपाविना जास्त वेळ तग धरता येतो. उंच व अरुंद टाकीत किंवा काठोकाठ भरलेल्या गोल भांड्यात हा वेळ कमी असतो.

पंप निकामी होण्याची कारणे

घरावर थेट वीज कोसळून पंप जळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक वेळा पुढीलपैकी एखादे कारण असते.

प्रेरित अतिदाब : वाहिनीजवळ वीज पडल्यास तारांत क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो. रोहित्रावरील (व्यवहारात ‘डीपी’वरील) तडितरोधक त्याचा बराचसा भाग जमिनीत वळवितो, उरलेला भाग घरातील उपकरणांपर्यंत येतो. पंपाच्या वेटोळ्यातील तांब्याच्या बारीक तारेवरचे इनॅमल त्यामुळे फुटते व तार जळते.

न्यूट्रल तुटणे : तीन फेजच्या वाहिनीतून प्रत्येक घराला एक फेज व न्यूट्रल मिळून २३० व्होल्टचा पुरवठा होतो. वाऱ्याने न्यूट्रलची तार तुटल्यास किंवा सैल झाल्यास काही घरांत दाब धोकादायकरीत्या वाढून तो ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतो, तर शेजारच्या घरांत तो घसरतो. काही दिवे एकाएकी प्रखर व काही मंद होणे हे याचे ठळक लक्षण होय. अशा वेळी मुख्य स्विच त्वरित बंद करून वीज वितरण कंपनीला कळविणे आवश्यक असते. महावितरणकडे तक्रार नोंदविण्यासाठी १९१२ हा क्रमांक उपलब्ध आहे.

पुरवठा परत येताना होणारा आघात : वाहिनी दुरुस्त करताना वीज अनेकदा येते व जाते. प्रत्येक वेळी क्षणिक अतिदाब संभवतो. याउलट दाब फार कमी असल्यास पाण्यातील पंप गुणगुणतो परंतु फिरत नाही. तो तसाच चालू राहिल्यास तापतो.

पाणी उलट वाहणे : वायुपंप टाकीच्या पातळीखाली ठेवलेला असेल, तर वीज जाताच टाकीतील पाणी नळीतून उलटे खाली उतरून पंपात शिरू शकते. वीज परत आल्यावर ओला पंप जळतो आणि दोष मात्र आकाशातील विजेला दिला जातो.

संरक्षक साधन बंद पडणे : वादळात घरातील आरसीसीबी किंवा एमसीबी आपोआप खाली पडते. घरातील एकाच विभागाची वीज त्यामुळे बंद राहते व पंप निकामी झाल्याचा समज होतो.

या सर्वांत पंप विशेष धोक्यात असण्याचे साधे कारण आहे. ढग दाटले की टीव्ही किंवा संगणकाचा प्लग काढला जातो. मत्स्यालयाचा पंप मात्र चोवीस तास चालू ठेवायचा असतो, या समजुतीने तो तसाच राहतो.

ऑक्सिजनचा साठा आणि वेळेचा हिशेब

पाणी जितके गरम तितका त्यात कमी ऑक्सिजन विरघळतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यातील ऑक्सिजनचे कमाल प्रमाण पुढीलप्रमाणे असते :

२० अंश सेल्सिअस : दर लिटरला सुमारे ९.१ मिलीग्रॅम
२५ अंश सेल्सिअस : सुमारे ८.३ मिलीग्रॅम
३० अंश सेल्सिअस : सुमारे ७.६ मिलीग्रॅम
३५ अंश सेल्सिअस : सुमारे ७ मिलीग्रॅम

अकोला व अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर असल्याने तेथे हे आकडे आणखी ३ ते ४ टक्क्यांनी कमी होतात. दुसरीकडे, तापमान वाढले की माशांचा श्वसनाचा वेग वाढतो. म्हणजे साठा घटतो त्याच वेळी मागणी वाढते.

उदाहरणार्थ, ३० अंश तापमानाच्या १०० लिटर पाण्यात या भागात जास्तीत जास्त ७३० मिलीग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असेल. टाकीतील माशांचे एकूण वजन २५० ग्रॅम असून ते दर किलोमागे ताशी ३०० मिलीग्रॅम ऑक्सिजन वापरतात असे धरले, तर ताशी ७५ मिलीग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. बहुतेक शोभिवंत माशांना दर लिटरला ५ मिलीग्रॅमहून अधिक ऑक्सिजन मानवतो व ३ मिलीग्रॅमच्या खाली त्यांना त्रास होऊ लागतो. ही खालची पातळी गाठण्यास वरील टाकीत साडेपाच ते सहा तास लागतील. मासे दुप्पट असतील, तर तीन तासांहून कमी वेळ पुरेल. पृष्ठभागावरून मिळणारा ऑक्सिजन ही मुदत वाढवितो. जिवाणू, पाणवनस्पती व तळाशी कुजणारे अन्न ती घटविते.

हा हिशेब ढोबळ असला, तरी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. वाजवी संख्येने मासे असलेल्या टाकीत पंप अर्धा-एक तास बंद राहिल्याने धोका नसतो. तो संपूर्ण रात्र बंद राहिल्यास धोका असतो. वादळापुरता पंपाचा प्लग काढून ठेवणे हे म्हणूनच माशांच्या हिताचे ठरते. प्लग काढल्याने एका तासाचा ऑक्सिजन जातो, परंतु पंप जळाल्यास दुकान उघडेपर्यंतचा जातो.

माशांमधील लक्षणे

ऑक्सिजन कमी पडू लागला की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात, कल्ल्यांची हालचाल वेगवान होते आणि खाद्याकडे दुर्लक्ष होते. पुढच्या अवस्थेत मासे सुस्त होऊन कोपऱ्यात किंवा तळाशी पडून राहतात. मोठ्या आकाराच्या माशांना हा त्रास आधी जाणवतो. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातील मासा असल्याने वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात तो लवकर अडचणीत येतो.

फायटर व गुरामी या माशांना हवेतून थेट श्वास घेण्यासाठी विशेष इंद्रिय असते. ते एरवीही पृष्ठभागावर येऊन हवा घेतात; त्यामुळे त्यांचे वर येणे हे संकटाचे लक्षण मानता येत नाही. मागूर व मुरळ हे स्थानिक मासेही हवेतून श्वास घेऊ शकतात. अशा माशांच्या टाकीत पंप बंद पडल्यास पुरेसा अवधी मिळतो, मात्र अमोनियाचा धोका त्यांनाही असतो.

तातडीचे उपाय

विजा कडाडत असताना टाकी, प्लग, वायर किंवा ओल्या भिंतीला स्पर्श करू नये. शेवटची गर्जना ऐकू आल्यानंतर साधारण ३० मिनिटे थांबावे. त्यानंतर पुढील क्रमाने कृती करणे योग्य ठरते.

१. टाकीची सर्व उपकरणे, म्हणजे पंप, दिवा व हीटर, स्विच बंद करून व प्लग काढून वीजपुरवठ्यापासून अलग करावीत. त्यानंतरच पाण्यात हात घालावा. पाण्यात ‘करंट’ आहे का हे बोट बुडवून पाहण्याची पद्धत जीवघेणी आहे.

२. झाकण उघडून हवा खेळती करावी. मासे उडी मारण्याची शक्यता असल्यास वर जाळी ठेवावी.

३. बॅटरीवरील वायुपंप उपलब्ध असल्यास तो लावावा. नसल्यास मग किंवा स्वच्छ तांब्याने टाकीतील पाणी घेऊन अर्धा फूट उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावे. दर १५-२० मिनिटांनी काही मिनिटे असे करत राहिल्यास पृष्ठभाग ढवळला जाऊन ऑक्सिजन मिसळतो. तळाचा गाळ उसळू देऊ नये.

४. खाद्य पूर्णपणे थांबवावे. निरोगी प्रौढ मासे दोन-तीन दिवस खाद्याविना राहू शकतात. याउलट, न खाल्लेले अन्न कुजताना ऑक्सिजन वापरते व अमोनिया निर्माण करते.

५. मेलेला मासा त्वरित बाहेर काढावा.

६. त्रास वाढल्यास २० ते २५ टक्के पाणी बदलावे. नवे पाणी टाकीतील पाण्याच्या तापमानाचे असावे.

पाणी गार करण्यासाठी बर्फ थेट टाकीत टाकल्यास तापमान एकदम उतरून माशांना धक्का बसतो. गरज असल्यास बर्फ बंद पिशवीत घालून ती पिशवी थोड्या वेळासाठी तरंगती ठेवतात.

अनेक घरांत अशा वेळी कूलरचा सुटा पंप टाकीत सोडला जातो. विदर्भात उन्हाळ्यात कूलरमधील विजेच्या धक्क्याने मृत्यू होण्याच्या घटना वारंवार घडतात. जुना, चिरलेल्या वायरीचा कूलर-पंप मत्स्यालयात वापरल्यास तोच धोका संभवतो.

पाणी बदलताना घ्यावयाची काळजी

अमरावती शहराला मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा धरणातून व अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा प्रकल्पातून पाणीपुरवठा होतो. शहरांच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. शिवाय वीज नसल्यास पाणी वरच्या टाकीत चढविता येत नाही. त्यामुळे ऐन वेळी हाताशी बोअरचे पाणी उरते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण मोठे असते. धरणाच्या पाण्यात वाढलेल्या माशांना असे पाणी अचानक दिल्यास त्यांच्या शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल बिघडतो. पाण्याचा सामू (पीएच) वाढल्यास अमोनियाही अधिक विषारी बनतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास हा भाग सुमारे साडेसात टक्क्यांवर जातो.

नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असते व ते माशांच्या कल्ल्यांना इजा करते. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास क्लोरीन बव्हंशी निघून जाते. तातडीच्या प्रसंगी सोडियम थायोसल्फेटयुक्त क्लोरीनरोधक द्रव वापरतात. उन्हाळ्यात एक-दोन झाकलेल्या बादल्या मुरवलेले पाणी नेहमी भरून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

गाळणीतील जिवाणूंचे संरक्षण

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. गाळणीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंना ऑक्सिजनयुक्त वाहते पाणी लागते. टाकीतील उघड्या स्पंजमध्ये ते बराच काळ तग धरतात, परंतु बंद डबा-गाळणीतील ऑक्सिजन काही तासांत संपतो. त्यानंतर जिवाणू मरू लागतात, डब्यातील पाणी सडते व त्यात सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊ शकतो.

त्यामुळे दीर्घ खंडानंतर वीज आली असता डबा-गाळणी लगेच सुरू करू नये. डब्यातील पाणी बाहेर ओतावे, स्पंज व खडे टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावेत व मगच पंप चालू करावा. नळाच्या पाण्यात धुतल्यास उरलेले जिवाणू क्लोरीनने मरतात. रात्रभर वाचलेले मासे वीज आल्यानंतर दगावण्याच्या घटनांमागे पुष्कळदा गाळणीतील हे साचलेले पाणी असते.

खंडानंतरचा आठवडाभर खाद्य कमी ठेवावे आणि शक्य असल्यास अमोनिया व नायट्राइटची चाचणी करावी. चाचणीसंच नसल्यास दर दोन दिवसांनी थोडे पाणी बदलणे उपयुक्त ठरते.

पंपाची तपासणी

पंप चालत नाही म्हणजे तो जळालाच असे नाही. तपासणी सोप्याकडून अवघडाकडे केली जाते व प्रत्येक टप्प्यावर पंप पाण्याबाहेर व कोरडा असणे आवश्यक असते.

प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्पसारखे दुसरे उपकरण लावून वीज येत असल्याची खात्री करतात व वितरण पेटीतील एमसीबी आणि आरसीसीबी पाहतात. आरसीसीबी वर केल्यावर पंपाचा प्लग लावताच ती पुन्हा पडत असेल, तर पंपातून वीज गळत आहे असे समजून तो कायमचा बाद करावा. आरसीसीबीला वगळून थेट जोडणी करणे अत्यंत धोकादायक आहे.

अडॅप्टरवरील पंप असल्यास तेवढ्याच व्होल्टचे व पुरेशा क्षमतेचे दुसरे अडॅप्टर लावून पाहतात. पुष्कळदा केवळ अडॅप्टर बदलल्याने पंप चालू होतो.

वायुपंप थरथरतो पण हवा येत नाही, अशा वेळी वेटोळे शाबूत असते. रबरी पडदा फाटलेला, झडपेत कचरा अडकलेला किंवा एअर स्टोन क्षारांनी बुजलेला असतो. खारपाणपट्ट्यातील जड पाण्यात हा शेवटचा दोष विशेष आढळतो. पडदा व झडपा सुट्या मिळतात व घरी बदलता येतात.

पाण्यातील पंप गुणगुणतो पण पाणी फेकत नाही, तेव्हा पात्यांत कचरा किंवा शेवाळ अडकलेले असते, किंवा पंपाने ‘एअर पकडलेली’ असते. पाती काढून स्वच्छ करावीत. पंप पाण्याखाली तिरपा करून हवा निघून गेल्यावरच वीज द्यावी.

कोणताही आवाज नसल्यास व जळका वास येत असल्यास वेटोळे जळाल्याची शक्यता अधिक असते. प्लग काढून मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमधील रोध मोजता येतो. शाबूत वेटोळ्याचा रोध लहान पंपात काही शे ते काही हजार ओहम इतका असतो. मीटर अनंत रोध दाखवीत असल्यास तार तुटलेली असते. बोअरची मोटार रिवाइंडिंग करून घेतात तसे या लहान पंपांचे करणे किफायतशीर नसते. राळेत बंदिस्त पंपाला तडा गेला असेल, तर तो चालू स्थितीतही वापरू नये.

प्रतिबंधक उपाय

पूर्वसूचना : विदर्भासाठी हवामानाचा अंदाज नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्र देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन परिसरात वीज पडण्याच्या शक्यतेची सूचना देते. वादळ जवळ येण्यापूर्वी पंपाचा प्लग काढावा. वीज गेल्यास प्लग काढलेलाच ठेवावा व पुरवठा काही मिनिटे स्थिर राहिल्यावर तो पुन्हा लावावा.

मांडणी : वायुपंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवतात. ते शक्य नसल्यास नळीत उलट प्रवाह रोखणारी लहान झडप (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) बसवितात. प्रत्येक वायरीला सॉकेटपूर्वी खाली झोळ दिल्यास तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते.

अर्थिंग व संरक्षण : मत्स्यालयाचे सॉकेट ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतून घेतलेले असावे. वितरण पेटीत अतिदाबरोधक (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) बसविल्यास प्रेरित दाबाचा जोर कमी होतो, परंतु त्याचे कार्य चांगल्या अर्थिंगवर अवलंबून असते. वऱ्हाडातील काळी जमीन उन्हाळ्यात आकसते व तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या इलेक्ट्रोडभोवतीची माती कोरडी होऊन सुटते व तिचा विद्युतरोध वाढतो. पहिल्या वादळाच्या वेळी अर्थिंग त्यामुळे सर्वांत कमकुवत असते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे. खारपाणपट्ट्यातील क्षारयुक्त जमीन वीज चांगली वाहून नेते, पण लोखंडी इलेक्ट्रोड लवकर गंजवते.

पर्यायी वीज : १०,००० मिलीअँपिअर-तास क्षमतेच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा असते. दीड वॅटचा यूएसबी वायुपंप तिच्यावर रूपांतरातील घट धरूनही बहुतांश रात्र चालू शकतो. घरातील इन्व्हर्टरवर पंप चालविताना तो शुद्ध साइन वेव्ह प्रकारचा असणे चांगले; चौरस लहरीच्या इन्व्हर्टरवर चुंबकीय पंप गुरगुरतात व तापतात. महिन्यातून एकदा बॅटरीवरील पंप प्रत्यक्ष चालवून पाहिल्यास ऐन वेळी बॅटरी उतरलेली सापडत नाही.

माशांची संख्या : टाकीत मासे मर्यादित असणे हा सर्वांत स्वस्त व कधीही न बिघडणारा उपाय आहे. मासे निम्मे असल्यास वेळ जवळजवळ दुप्पट मिळतो.

शेततळ्यातील मत्स्यपालन

हीच समस्या मोठ्या प्रमाणात मत्स्यतळ्यांत दिसते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांचे पालन करता येते. दाट साठवणूक असलेल्या तळ्यात पाणी ढवळणारी चक्री यंत्रे (एरेटर) वापरतात. तळ्यातील ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसानंतर शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण मंदावल्याने तो आणखी घटतो. शेतीच्या वाहिन्यांवर दिवसाचे सर्व तास वीज नसते व वादळानंतर दुरुस्तीस अधिक वेळ लागतो.

अशा वेळी खाद्य थांबविणे, डिझेल पंपाने तळ्याचेच पाणी उपसून उंचावरून फवारत परत सोडणे व पहाटेपूर्वी तळ्यावर फेरी मारणे हे उपाय केले जातात. तुटलेली तार तळ्यात किंवा बांधावर पडलेली असण्याची शक्यता असल्याने उजेडाशिवाय पाण्याजवळ जाऊ नये. तार दिसल्यास पुरवठा बंद झाल्याची वायरमनकडून खात्री होईपर्यंत तळ्यात उतरू नये. घरातील मत्स्यालयाप्रमाणे तळ्यावरही कामाचा क्रम तोच राहतो : आधी माणूस, नंतर पाणी आणि शेवटी यंत्र.